पुढचा ब्रेक

"घट्ट धरा हो बाई, आणि तोंड मिटून बसा. नाहीतर जेवणाआधीच वाळू खाल!"

सिरीनोच्या मागे बसलेल्या नेलिदाबाई हसल्या, पण त्याचा शर्ट त्यांनी मुठीत आवळला. आजीचं इटलीतलं गाव बघायला त्या थेट अर्जेंटिनाहून आल्या होत्या. सकाळपासून सिरीनोने त्यांना आपल्या जुन्या व्हेस्पा स्कूटरवरून ते कातानिया शहर दाखवलं, मासळीबाजार, काळा दगडी हत्ती, आजीची गल्ली. आता चौकाचौकात पोलीस शिट्ट्या फुंकत होते. राख पडू लागली की इथे दुचाकी बंद.

शहरामागच्या ज्वालामुखीचं नाव एटना. ती पहाटेपासून घुमत होती. कातानियात तिला कुणी डोंगर समजत नाही. ती बाई आहे, आणि तिच्याबद्दल वाकडं बोलायची कुणाची छाती नाही.

"खोकतेय नुसती," सिरीनो म्हणाला. पण भर दुपारी अंधारून आलं होतं, छपरांवर काळी वाळू तडतडत होती, आणि गल्लीतली कुत्री कुठे दडली होती कोण जाणे. आतून तोही घाबरला होता. बाईंना हॉटेलपर्यंत नेणं आता शक्य नव्हतं. त्यांना घरीच आणतो, असा त्याने बायकोला फोन केला होता.

"कधी कुणाला पाडलंय का हो तुम्ही?"

"मी? चाळीस वर्षांत मागचं माणूस आपल्या पायांनीच उतरलंय. माझ्या बायकोला विचारा. नको, तिला नका विचारू. ती माझं एक चांगलं सांगायची नाही."

ही बढाई नव्हती. सिरीनोकडे ना दुकान होतं, ना जमीन. गाडीवर माणसं फिरवून कमावलेलं होतं ते एवढंच नाव.

राखेवर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पायाने मागचा ब्रेक हलके चेपत, गियर उतरवत तो आपल्या गल्लीच्या उतारावर आला.

खाली दारात वेनेरा उभी होती, हातात रिकामी बादली घेऊन. राख कोरडीच झाडायची असते, भिजली की तिचा साबण होतो. वेनेराला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण परदेशची पाहुणी येणार आणि दारापुढे काळं? तिला ते बघवेना. तिने अर्धा उतार धुऊन काढला होता.

चमकणाऱ्या ओल्या फरशा सिरीनोला उशिरा दिसल्या. मागचं चाक घसरलं. त्याने गाडी भिंतीकडे वळवली, बाई आपटू नयेत म्हणून आपला पाय मध्ये घातला, आणि गाडी आडवी झाली.

गल्ली धावली. नेलिदाबाई मोडलेलं मनगट पोटाशी धरून कण्हत होत्या. सिरीनोचा पाय गाडीखाली होता.

"वेनेरा, अगं, तू पाणी..." शेजारची ओराझिया म्हणाली.

"पुढचा ब्रेक दाबला मी!" सिरीनो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "माझीच चूक. पुढचा दाबला."

पुरुषांनी माना खाली घातल्या.

वेनेरा गुडघे टेकून त्याचा चेहरा पुसू लागली. "पुढचा?" ती रडत म्हणाली. "गाढवा, इतक्या वर्षांनी पुढचा ब्रेक?"

"म्हातारा झालो गं. आता कुणाला मागे बसवायचं नाही."

तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ओल्या फरशीवर तिचा झगा कमरेपर्यंत भिजत चालला होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.