गोणपाटाखालची हवा

मित्रांनो, मी एक जुना हवेचा खांब आहे आणि मला क्षणभरही स्वस्थता नाही. डोक्यावरच्या तीन वाट्या वाऱ्याबरोबर गरगरतात. पांढऱ्या ताटल्यांच्या उतरंडीत माझा तापमापक बसलेला असतो. तो थोड्याथोड्या वेळाने आकडा घेतो आणि हवेतूनच दूरच्या शहरात धाडतो. कागदोपत्री मी 'स्वयंचलित हवामान केंद्र'. चोपड्याजवळच्या आमच्या गावात एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला वेळ आहे?

मी घडलो कारखान्यात, पण मला इथवर आणलं एका धोरणाने. केळीचा विमा हवेवरून ठरवायचा, असं वरच्या लोकांनी ठरवलं. उन्हाळ्यात पारा ठरावीक रेषेच्या वर सलग काही दिवस राहिला तर त्या गावाला भरपाई मिळणार. मध्येच एक दिवस जरी तो खाली उतरला तर काही नाही. शेतात येऊन करपलेली बाग कुणी पाहायची नाही, मी सांगेन तेच प्रमाण. कल्पना वाईट नव्हती, मित्रांनो. पूर्वी पाहणीला येणाऱ्या साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. माझी मर्जी कोण सांभाळणार? मी तर फुशारून गेलो होतो.

खरं तर मला मोकळ्या माळावर उभं करायचं होतं. पण तिथे वायरी चोरीला जातील म्हणून पंचायतीच्या मागच्या अंगणात रोवलं. शेजारचं घर द्रौपदाबाईंचं. अख्खं गाव त्यांना अक्का म्हणतं. नदीकडेला त्यांची थोडीशी केळी होती आणि वर्षाचं सगळं त्या केळीवरच चालायचं. पोरं मला दगड मारू लागली की अक्का काठी घेऊन धावायच्या. अंगावरची धूळ पदराने पुसायच्या. मला मनापासून बरं वाटायचं.

यंदा मे महिन्यात ऊन असं पेटलं की पानं वाळून लोंबू लागली, घड झाडावरच मोडू लागले. एका दुपारी अक्कांनी पाण्याच्या रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांना माझी दया आली. दुसरं गोणपाट भिजवून त्यांनी माझ्या ताटल्यांवर पांघरलं आणि भोवती सडा टाकला. संध्याकाळी गोणपाट काढून नेलं. मग हे रोजचंच झालं.

सरपंच भिकन आबांनी चार लोकांत त्यांचं कौतुक केलं. सरकारी वस्तूला इतकं जपणारं माणूस तालुक्यात सापडायचं नाही, म्हणाले. विमा हवेवर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती हवा मीच मोजतो हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. मी उद्याचा पाऊस सांगतो, असा गावाचा समज. बाहेर रान भाजून निघत होतं आणि मी गारव्याचे आकडे पाठवत होतो. जीव नुसता तळमळत होता. ओरडायला तोंड कुठून आणू?

शेवटी शाळेतल्या प्रज्ञा मॅडमनी मोबाइलवर गावोगावच्या खांबांचे आकडे पाहिले. आजूबाजूची सगळी गावं रेषेच्या वर होती, एकटं आमचंच खाली. त्या पंप दुरुस्त करणाऱ्या चांदभाईंना घेऊन भर दुपारी अंगणात आल्या. अक्का कौतुकाने सांगू लागल्या, "त्याले ऊन लागस ना बेटा. मी रोज वलं गोणपाट टाकस."

चांदभाईंनी ओल्या गोणपाटाला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "अक्का, त्यानं कामच ऊन खावानं शे."

अक्कांनी स्वतःच्या हाताने गोणपाट ओढून काढलं. माझा पारा सरसर चढला आणि रेषेच्या वर गेला. पण हवा कुणासाठी थांबते? थोड्याच दिवसांत सातपुड्यावरून ढग आले, पारा उतरला आणि सलग दिवस भरले नाहीत. भरपाई नाही.

मॅडम आणि चांदभाई तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथला साहेब माणूस चांगला होता. त्याने बसायला दिलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की यंत्रात नोंदलं गेलं तेच धरावं लागतं. मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. गोणपाटाखालची हवा मी अगदी बरोबर मोजली होती. तरी अख्ख्या गावापेक्षा माझा शब्द मोठा ठरला, याचं मला फार वाईट वाटतं.

अक्कांना कुणी एका शब्दानेही बोललं नाही. तेच त्यांना सोसवेना. एका दुपारी त्या माझ्याजवळ आल्या, पदराने धूळ पुसायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

"तपी ले, बाप," त्या म्हणाल्या. "मन्ही माया बठ्ठासले आडवी उनी."

आपलीच माया सगळ्यांच्या आड आली, हे मनात घेऊन त्या गेल्या आणि तेव्हापासून अंगणात फिरकत नाहीत. मी मात्र वाट बघतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन असे नियम लिहील, कुणी माझ्यासारखी यंत्रं बसवील. तेव्हा आकड्यावर विश्वास जरूर ठेवा, पण आधी यंत्र कुठे आणि कसं उभं आहे ते येऊन पाहा. आणि शेजारच्या घराचं दार वाजवा. मला रोवायला गाडीभर माणसं आली होती. मी कशासाठी उभा आहे हे अक्कांना सांगायला त्यांतलं एकही थांबलं नाही.