अकरा पावलांचं सूप

बाईंच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. शेगडीपासून आतल्या खोलीतल्या पलंगापर्यंत मोजून अकरा पावलं, आणि साडेदहापर्यंत त्यांच्या वीसेक फेऱ्या झाल्या होत्या. उजव्या हातात चमचा, त्याखाली डाव्या हाताचा तळवा, आणि मधल्या खोलीत कापडाच्या ठाणांना वळसा.

पलंगावर कप्तान. खरं तर सुकाणूला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता. तीस वर्षं ते जहाजावर आचारी होते. गल्लीतलं कुणीतरी एकदा कप्तान म्हणालं आणि यांनी काही नाही म्हटलं नाही. दीड महिन्यापूर्वी जिन्यात घसरले, मांडीचं हाड मोडलं. आता उशीला टेकून बसण्यापलीकडे काही जमत नव्हतं. बाईंचा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेला होता, आणि दोन हिवाळ्यांमागच्या एका तापात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. वास नाही, आणि त्याबरोबर चवही गेली. खारट आणि गोड यापलीकडे जिभेला काही कळत नसे. थोडक्यात, दोघांत मिळून एक धड स्वयंपाकी होता.

हेच आज लेकीला पटवायचं होतं. मागच्या आठवड्यात दूध आटून भांडं काळं झालं, जिन्याभर धूर झाला, आणि बाई मधल्या खोलीत शेगडीकडे पाठ करून काजं करत बसल्या होत्या. आतल्या खोलीची खिडकी उघडी, दार ओढलेलं, त्यामुळे कप्तानांनाही पत्ता नाही. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी लेकीला फोन केला. लेक मुख्याध्यापिका. आली, भांडं उलटंसुलटं करून पाहिलं आणि निकाल लावला, "एक तारखेपासून बाबा माझ्याकडे, तू दादाकडे. दोघांना एकत्र ठेवायला जागा कुणाच्याच घरात नाही."

लग्नानंतरची तीस वर्षं या माणसाला समुद्राने नेलं होतं. वर्षाला दोन महिने नवरा, बाकी पत्रं. सलग एका छताखाली राहायला लागून कुठे बारा वर्षं होत होती.

"रविवारी जेवायला ये," कप्तान लेकीला म्हणाले होते. "पोटभर, एका ताटलीत. मग काय ते बोल."

"करणार कोण?"

"आम्ही."

म्हणून आज ते इटलीचं भाज्यांचं सूप. जहाजावर एका म्हाताऱ्या इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली कप्तान ते शिकले होते. सूप म्हटलं की लोकांना आजाऱ्याचा पेला आठवतो. हे तसलं नव्हे. डोलत्या जहाजावर पातळ काही वाढलं तर निम्मं टेबलावर जायचं, म्हणून म्हातारा चमचा उभा राहील इतकं घट्ट करायचा. त्यात भाज्या, घेवड्याचे पांढरे दाणे, पास्ता, सगळं आलं. त्यानंतर माणसाला दुसरं काही लागायचं नाही.

रात्री दाणे भिजत घातले होते. सकाळी बाईंनी कांदा, गाजर, सेलरी चिरली, पट्टीने आखल्यासारखी. कप्तानांनी एक तुकडा हातात धरून पाहिला.

"काय गं, याला काजं करायची आहेत का?"

"तुम्ही चव बघा. माप माझं."

"आच बारीक ठेव. कांदा लाल नको, नुसता शरमला पाहिजे."

"तिथून तुम्हाला काय दिसतंय? उंटावरून शेळ्या हाकताय."

"वास येतोय मला. आज दार उघडं आहे."

भाज्या परतल्या, दाणे पाण्यासकट पातेल्यात गेले, वर चीजची कडक पाठ पडली. किसून संपलेल्या चीजचा तो उरलेला तुकडा कप्तान डब्यात जपून ठेवत. दाट रस त्यानेच येतो म्हणत. आता दाणे मऊ होईपर्यंत थांबायचं होतं. कप्तानांनी बजावलं होतं, "टोमॅटो मी सांगेन तेव्हा."

अकरा वाजता त्यांनी दुखण्याची गोळी घेतली. सव्वाअकराला बाई चमचा घेऊन गेल्या तर ते घोरत होते.

त्या उभ्या राहिल्या. चमचा निवला. उठवावं का? रात्रभर कळांनी डोळा लागला नव्हता त्यांचा. शेगडीपाशी आल्या, झाकण काढलं, ठेवलं. खिडकीत जाऊन रस्ता पाहिला. पुन्हा झाकण काढलं. हात रिकामे राहिले की बाईंचा जीव खालीवर होई. मशीनवर असत्या तर एव्हाना दोन बाह्या जोडून झाल्या असत्या. चिरलेले टोमॅटो ओट्यावर तयार. घड्याळ पुढे सरकत होतं, लेक एकाच्या ठोक्याला येणार. आज ना उद्या घालायचेच आहेत, असं मनाशी म्हणत त्यांनी ताटली पातेल्यात उपडी केली.

सव्वाबाराला कप्तान जागे झाले. चमचा तोंडात घेतला आणि चेहरा बदलला.

"टोमॅटो टाकलेस?"

"मघाशीच."

"दाणा बघ दाबून."

बाईंनी दाणा चिमटीत धरला. सदऱ्याचं बटण असावं तसा.

"आंबट लागलं की दाणा रुसतो," कप्तान म्हणाले. "आता संध्याकाळपर्यंत उकळलास तरी ऐकायचा नाही."

"मग झोपेतून उठवायचं नव्हतं, तर मी काय करायचं होतं? नुसती बसून राहू?"

"हो. बसायचं होतं."

"बसायचं मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं बसलेच होते."

कप्तानांनी उशी मागे सारून पाठ ताठ केली. मग ते म्हणाले, "झारा आण. पातेल्यातला सगळा गाळ ताटात काढ आणि ताट माझ्यापुढे ठेव. आणि कुकर काढ."

बाई बघतच राहिल्या. कुकरचं नाव या घरात निघत नसे. शिट्टीने गाडी सुटते, स्वयंपाक होत नाही, असं कप्तानांचं ठाम मत.

"कुकर?"

"एक वाजता येणारी बाई माझी लेक आहे, कच्चा दाणा सोडायची नाही. चिमूटभर सोडा, स्वच्छ पाणी, नुसते दाणे. लवकर."

ते दाणे वेचत राहिले, एकेक. पांढरे वाडग्यात, गाजर-सेलरी ताटात. एकही दाणा सुटला नाही. बाई वाडगा नेत, रिकामा परत आणत. एकाला पाच कमी असताना कुकर शेगडीवर चढला, आणि पहिली शिट्टी आणि दारावरची बेल एकदमच वाजली.

लेक आत आली, पर्स न ठेवता उभी राहिली.

"झालं नाही वाटतं."

"होतंय," बाई म्हणाल्या. "बस."

लेक मधल्या खोलीत ठाणांना टेकून बसली. आई तिच्यासमोरून गेली, आली. गेली, आली. तळव्यावर सुपाचे ओघळ.

"आई, चव मी बघते ना. दे इकडे."

"तू नाही. ते बघतील."

"दर वेळेला असं पळायचं?"

"पळते कुठे? चालतेय."

आतून आवाज आला, "शिजेपर्यंत दम धरलास, आता निवेपर्यंत धर. घसा पोळेल."

कुकर निवला. अर्धे दाणे चिरडून, अर्धे अख्खे, असे पातेल्यात गेले. मग पास्ता, मग वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. पावणेदोनला कप्तानांनी शेवटचा चमचा चाखला, डोळे मिटले, आणि "वाढ" म्हणाले.

तिघं आतल्या खोलीत पलंगाभोवती बसली. बाईंनी लेकीच्या ताटलीत चमचा उभा केला. तो जरा कलला आणि तसाच थांबला. लेक खात होती. बाईंचा घास तोंडातच फिरत राहिला. चव नव्हतीच, त्या फक्त लेकीच्या भुवया बघत होत्या. ताटली संपली. लेकीने ती पुढे केली आणि पुन्हा वाढून घेतलं.

"एक दाणा कच्चा लागला," ती म्हणाली.

"एकच?" कप्तान म्हणाले. "मग पास कर की."

लेक हसली नाही. ताटली खाली ठेवून तिने दाराकडे पाहिलं, पलंगाच्या पायांकडे पाहिलं.

"बाबा, शेगडीवरचा वास इथपर्यंत येतो?"

"दार उघडं असलं की येतो."

"आणि मधल्या खोलीत ही ठाणं कशाला लागतात, आई?"

"गणवेशांची आहेत. कुठे ठेवू?"

"इथे. पलंग तिथे जाईल. शेगडी डोळ्यांसमोर, नाकासमोर. करपलं तर निदान यांना कळेल तरी." ती उठून पदर खोचू लागली. "एक महिना बघते. पुन्हा धूर झाला तर माझं म्हणणं कायम."

"यांना आधी खाली उतरवू," बाई म्हणाल्या.

"भर समुद्रात आचाऱ्याला उतरवतात का?" कप्तान म्हणाले. "ढकला."

मायलेकींनी पलंग ढकलला. लोखंडी पाय फरशीवर किंचाळले, खालून घड्याळजींनी छतावर काठी आपटली. कप्तान दोन्ही हातांनी कड धरून बसले होते.

लेक गेल्यावर बाईंनी उरलेलं सूप गरम करायला ठेवलं. चमचा भरला, खाली तळवा धरला आणि सवयीने थेट आतल्या खोलीत गेल्या. तिथे ठाणांची चळत होती आणि फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग.

"अगं, मी इकडे," मागून कप्तान म्हणाले. "आणि आच कमी कर, तळाला लागतंय."