तेरा मजल्यांचं जहाज

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जहाजावर जाऊ, ही कल्पना धर्मेंद्रचीच. तिरोड्यात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान. बायको राखी शाळेत शिक्षिका. तिनं महिनाभर दोन जहाजांची माहिती वाचली. लहान जहाजात सत्तर प्रवासी, शांतता, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. मोठ्या जहाजात दोन हजार माणसं, तेरा मजले, घसरगुंड्या, जेवायला रांगा. दोघांसाठी लहानच बरं, असं ठरलं. मुलं आजीजवळ राहणार होती.

गोंदियाच्या एजन्सीत रुची नावाची मुलगी फॉर्म भरू लागली, तसा धर्मेंद्र खुर्चीत चुळबुळला.

"हिमांशुले सोडून गेलो तं तो रडल ना."

"रडू द्या," राखी म्हणाली. "आठ वर्षांचा झाला."

"अन् दामिनी?"

रुचीनं फॉर्म फाडला. "भाभी, फिर बडावाला?"

पुढच्या आठवड्यात धर्मेंद्रची आई सुशीलाबाई यादीत आल्या, कारण त्या एकट्या घरी काय करतील. मग धाकटा भाऊ योगराज, कारण आईची बॅग कोण उचलणार. मग त्याची बायको रीता आणि दोन पोरं, कारण त्यांना मागं ठेवणं बरं दिसत नाही. दर वेळी राखी पुन्हा जहाजाचा नकाशा उघडून बसे: चौघांची खोली कुठे, आईंना लिफ्ट जवळ कुठून. तेरा मजले, लिफ्टजवळच्या चित्रांसकट, तिला पाठ झाले.

रविवारी धर्मेंद्र हळूच म्हणाला, "शामकला आत्याबी म्हणून राहिली होती..."

राखीनं नकाशा मिटला. "न्या आत्याले. माह्या जागेवर."

"काऊन? तुह्यासाठीच तं चाललं हे सगळं!"

"माह्यासाठी दोन माणसांचं जहाज होतं. तुमी त्यात गाव भरून राहिले."

सुशीलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आता बोलणी बसणार, असं राखीला वाटलं.

"राहू दे तिले," त्या मुलाला म्हणाल्या. "येतं का म्हणून मलेबी तू इचारलं नाहीस. पण मी तं जाणार हावो."

सगळे गेले. दोन दिवस राखीला कोणी काही मागितलं नाही. तिनं दोन्ही वेळा पोहेच खाल्ले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"राखी, हिमांशु सापडून नाही राहिला!"

"तुमी कोणत्या मजल्यावर आहा?"

"मले काय माहीत! सगळे सारखेच दिसते."

"लिफ्टजवळ भिंतीवर काय काढलं आहे?"

"मोठी मासोळी."

"म्हणजे सातवा. चार मजले वर जा, मागच्या बाजूले घसरगुंडी आहे. तिथंच असल तो."

तिथंच होता. मग आत्याला खोली सापडेना. मग रीताला नाश्त्याचा हॉल. चार वाजेपर्यंत नऊ फोन झाले. नवव्यांदा धर्मेंद्र थकून म्हणाला, "तू पाह्यजे होती इथं."

"मी सकाळपासून तिथंच आहे," राखी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं तो घरीच टाकला, स्कूटी काढली आणि बोदलकसा तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. अंधार पडायच्या आत परतली तेव्हा चौदा मिस्ड कॉल होते. तिनं आधी चहा ठेवला.