दुसरं सासरी

आमच्यात रीत हाय, पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. रीत कुणी काढली देव जाणं, पण काढणारा बाप्याच असणार.

सारजा माझी थोरली, गंगापूरला दिलेली. पहिल्या खेपेला तिला पडेगावला आणली. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, सव्वा महिना बाजेवरून उठू दिलं नाय. त्यापायी दोन्ही शेळ्या इकल्या. पोरगी झाली. सारजाचा बाप म्हणला, पुढचं त्यांचं ते बघतील. मीबी व्हय म्हणलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

दुसरं सासरी झालं. सासू म्हंजे चमडी जाईल पण दमडी जाणार नाय. कापूस वेचणीचे दिवस, मजूर लावायला नको म्हणून बाराव्या दिवशीच तिला रानात उभी केली, डोक्यावर गाठोडं दिलं. सारजाचं अंग बाहेर आलं, पिशवीच खाली उतरली. औरंगाबादला निजाम सरकारच्या दवाखान्यात नेली, तर डॉक्टरीण बाई म्हणली, आता मूल नको, जीव जाईल. ही दुसरीबी पोरगीच होती.

श्रावणात सारजा आली. चुलीपाशी बसून म्हणली, "माय, भागीला माझी सवत म्हणून आमच्या घरात दे."

भागी माझी धाकटी, लग्नाला आलेली.

"येड लागलं काय तुला?"

"सासूला नातू पायजे. बाहेरची आणायची तर लग्नाचा खर्च. भागी चालंल म्हणती, नाय तर परत मीच बाळंत व्हायचं. तिचं पहिलं तू कर, पुढची मी करीन. सव्वा महिना निजवून ठेवीन तिला."

मी तडकले. "एक पोर तुझ्या सासूनं खाल्ली, दुसरी ताटात वाढू व्हय?"

ती सकाळी उठून गेली.

दिवाळीनंतर निरोप आला, सारजाला दिवस गेले. मी गाडी जुंपून गंगापूर गाठलं. म्हणलं, तिसरं असलं तरी माहेरी नेते, रीत गेली चुलीत. सासू म्हणली, न्या की, आमचा खर्च वाचला.

गाडीत सारजा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मला राहवंना. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणलं, "भागी दिली असती तर तू वाचली असतीस गं."

"बरं केलं नाय म्हणलीस. मी मागत होते, पण मनात हेच होतं, मायनं नाय म्हणावं." मग म्हणली, "माझ्या दुसऱ्या येळंलाबी अशीच तडकली असतीस तर."

रागानं बोलली नव्हती. 

आषाढात मुलगा झाला. सारजा त्याच दिवशी गेली. बाराव्या दिवशी सासू नातू न्यायला आली. मी दारात आडवी उभी राहिले अन् नाय म्हणलं. लई उशिरा म्हणलं.