सात नंबरचं पिंप

काजलने काचेची लांब नळी पिंपाच्या तोंडातून आत सोडली, वरच्या टोकावर अंगठा दाबला आणि नळी अलगद वर काढली. आतली लाल रेघ मोजपात्रावर आणल्यावर अंगठा उचलायला तिला क्षणभर उशीर झाला. वास आधीच आला होता.

"सातना नमुना लिधा का?" बाहेरून सासऱ्यांनी विचारलं.

"लिधा, आबा."

रतिलालआबांनी गोदामाच्या दारात, उजेड पडेल असं टेबल लावून त्यावर पांढरा कागद अंथरला होता. वाईनचा खरा रंग पांढऱ्यावर दिसतो. सकाळपासून दोघांनी चहाही घेतला नव्हता, तोंड कोरं हवं म्हणून. आबांनी तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. रसाची एक चूळ भरून उसाचा साखर-उतारा सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने, ललितने, त्यांना या कामात ओढलं, आणि त्या जिभेने द्राक्षंही ओळखायला घेतली.

कळसाडीच्या शिवारात सगळीकडे कापूस आणि ऊस. त्यात नाशिकला शिकून आलेल्या ललितने चौदा वर्षांपूर्वी पाच एकर द्राक्षं लावली, ती खायची नव्हे, वाईनची. कौसाबाईंनी, त्याच्या आईने, एकच अट घातली होती: घराच्या उंबऱ्याच्या आत थेंबही येता कामा नये. ती अट सगळ्यांनी पाळली. कौसाबाईंनी स्वतः गोदामात कधी पाऊल ठेवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये शहाद्याहून परतताना ललितच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. त्या हंगामाची सहा पिंपं मोठ्या गोदामात होती. सातवं त्याने शेजारच्या आपल्या छोट्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, गोमाई नदीकाठच्या तुकड्यातल्या द्राक्षांचं. त्याच्या झाकणावर खडूने लिहिलं होतं, तीन वर्षं हात लावू नका.

आता तीन वर्षं झाली होती. सोमवारी बाटल्या भरायच्या होत्या, आणि बाटलीवर ललितचं नाव येणार होतं.

"त्याना हातनं शेवटलं पिंप त्यामां पाहिजेच," आबा महिनाभर म्हणत होते. काजल मान डोलावत होती.

तिने तीन ग्लास मांडले. पहिल्यात सहा पिंपांचं मिश्रण. दुसऱ्यात त्यातच एक दशांश सातव्याचं. तिसऱ्यात पाव हिस्सा. दोघांनी आपापला तक्ता पुढे ओढला. गुण वीसपैकी द्यायचे होते.

पहिल्या ग्लासातून जांभूळ आलं, मागून लवंग, आणि मग जुन्या लाकडाचा कोरडा, शांत वास. काजलने घोट तोंडात घोळवला, बादलीत थुंकला, तरी चव जिभेच्या कडांवर रेंगाळत राहिली. तिने सतरा लिहिले. दुसऱ्या ग्लासात जांभळावर काहीतरी टोकदार येऊन बसलं होतं. तिसऱ्यात ते झाकायचा प्रश्नच नव्हता. आधी नेलपॉलिशसारखा झणका, मग सरळ शिरका.

तिने आबांकडे पाहिलं. त्यांनी तिसरा घोट तोंडात घेतला न घेतला तोच थुंकला, रुमालाने ओठ पुसले आणि दोनदा पाणी घेऊन चूळ भरली. मग पेन्सिल उचलून लिहिलं. सोळा, सोळा, पंधरा.

"चाली जाई," ते म्हणाले. "तिसरंबी चाली जाई. तुले काय वाटस?"

आबांची जीभ कधी खोटं बोलली नव्हती. आबा मात्र आज बोलत होते. आणि ते ललितसाठी, हे काजलला कळत होतं. तिने आपल्या तक्त्यावर हात आडवा ठेवला.

लाकडातून वाईन थोडी थोडी उडत राहते. दर पंधरवड्याला पिंप काठोकाठ भरावं लागतं, नाहीतर रिकाम्या जागेत हवा साठते आणि आतलं आंबायला लागतं. लग्न झाल्यावर ललितने तिला शिकवलेली ही पहिली गोष्ट; हात लावायचा नसलेल्या पिंपालाही ती चुकत नाही. पण ललितच्या तेराव्यानंतर त्या छोट्या खोलीला कुलूप लागलं आणि ते उघडलं दिवाळीच्या पाडव्याला. पिंप वीतभर खाली गेलं होतं. काजलने ते भरलं, बूच घट्ट बसवलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. तेव्हा वास अगदी पुसट होता. वाटलं होतं, जाईल.

फाटकाची कडी वाजली. कौसाबाई डबा घेऊन आल्या होत्या. नेहमीसारख्या त्या बाहेरच्या कडुलिंबाखाली थांबतील असं वाटलं, पण त्यांनी दाराशी चपला काढल्या आणि आत आल्या. तिन्ही ग्लासांकडे पाहत उभ्या राहिल्या.

"ललितनं कोणतं?"

"सगळासमां शे, थोडं थोडं," आबा घाईने म्हणाले.

"निस्तं त्यानं दे."

काजलने आबांकडे पाहिलं. त्यांनी नजर कागदावर वळवली. मग तिने मोजपात्र उचललं. ग्लास घ्यायच्या आधीच कौसाबाईंनी पदर सावरून उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला होता, देवळात तीर्थाला करतात तसा. काजलने त्यात घोटभर ओतलं. कौसाबाईंनी ते ओठांना लावलं आणि गिळलं. डोळे मिटले, उघडले.

"हाई तं आंबी गयं," त्या म्हणाल्या.

"तसं ऱ्हास थोडं," आबा म्हणाले. "लाकूडमुळे..."

"पन्नास वरीस मी दही लायं, लोणचं घालं. माले आंबेल समजत नही का?" त्यांनी ओला हात पदराला पुसला नाही, तसाच धरून ठेवला. "चांगलामां हाई टाकू नका."

मग कौसाबाईंनी हळूच विचारलं, "त्यानं काही चुकाडं व्हतं का?"

"नही, आत्या." काजलचा आवाज एकदम मोठा निघाला. "त्यानं बरोबर भरं व्हतं. पंधरा दिवसमां एकदाव वरतून भरनं पडस. पाच महिना कोणी भरं नही. माले माहीत व्हतं. मी सांगं नही."

"तू कशी भरशी? चावी मन्हा कमरले व्हती." कौसाबाई स्टुलावर बसल्या. "दरवाजामांतून देखं, त्यानी वही तठे उघडीच पडेल व्हती. पेन वहीमां. मी म्हनं, तसंच ऱ्हाऊ दे. कोणी हात लावाले नको."

आबांनी चष्मा काढला. काचा पुसायला रुमाल घेतला, पण पुसल्या नाहीत.

"दुसरी चावी मन्हा कपाटमां व्हती," ते म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे पाहू लागल्या.

"त्या पाच महिना रोज हातमां लेऊ. दरवाजालगून जाऊ, आनि वापस येऊ."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली खडखडत गेली. मग आबांनी खोडरबर शोधला. तक्त्यावरचे दुसरे आणि तिसरे गुण खोडले, फुंकर मारली आणि नव्याने लिहिले. सात. तीन. पहिल्या सोळाला त्यांनी काही क्षण न्याहाळलं, आणि तिथे सतरा केले.

काजलने खाली लिहिलं, पिंप क्रमांक सात मिश्रणात नाही.

"मंग नाव?" कौसाबाईंनी विचारलं.

"नाव ऱ्हाई," काजल म्हणाली. "बाकीना सहाबी त्यानाच शेतस, आत्या. द्राक्षंबी त्यानी, भरेलबी त्यानंच."

कौसाबाईंनी मान हलवली. थोडा वेळ त्या पहिल्या ग्लासाकडे पाहत राहिल्या. मग हात तसाच पुन्हा पुढे केला.

"मंग ते दे."

काजलने या वेळी तळहातावर ओतलं नाही. ग्लासच त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं दांडीवर नीट ठेवली. "लगेच गिळू नका. आधी वास घ्या. मंग तोंडमां धरी ठेवा."

कौसाबाईंनी वास घेतला. घोट घेतला. त्यांचे गाल किंचित फुगले, कपाळावर आठी आली, मग ती आठी हळूहळू सैल झाली. त्या गिळेनात. आबा चष्मा हातात धरून त्यांच्याकडे बघत होते.

काजलने पेन्सिल उचलली, पट्टी लावली, आणि आबांच्या नि आपल्या तक्त्याशेजारी कौसाबाईंसाठी तिसरा तक्ता आखला.