आमेनच्या आधी

चर्चच्या मागच्या खोलीत प्रभुभोजनाचे काचेचे इवले पेले तिने उजेडासमोर धरून एकेक तपासले आणि स्वच्छ निघालेलाच एक पुन्हा धुवायला घेतला. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीची सवय म्हणावी, तर तसंही नव्हतं. हात थांबले असते तर आत जाऊन बसावं लागलं असतं.

"अगं, किती घासशील? झिजेल ती काच," सासूबाई दारातून म्हणाल्या. "चल, सुरू झालं."

"तुम्ही व्हा पुढे, आई."

"मी पुढे झाले की तू मागच्या मागे पसार होशील. ओळखून आहे मी तुला."

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आजचा चर्चमधला शेवटचा रविवार, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. सासूबाईंना सांगायचं कसं, तेवढंच जुळत नव्हतं. तिचा वायरमन नवरा आजारी होता तेव्हा सगळी मंडळी दर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. रक्ताचे अहवाल तिला वाचता येत होते. तरी ते बाजूला सारून तीही गुडघे टेकायची. तो गेलाच. मग लोक घरी येऊन "देवाची इच्छा" म्हणायचे आणि ती त्यांचा चहा संपायची वाट बघत बसायची.

ती दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. तिचा पाय हलत राहिला. सासूबाईंनी त्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा दुसरा हलू लागला.

पाळकांनी डोळे मिटून आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली. सगळी नावं त्यांना तोंडपाठ होती, क्रमही ठरलेला.

"शिंपीणमावशींच्या गुडघ्यांना आराम दे. शाळेतल्या शिपायाची नजर राख. आणि आमच्या वायरमनला, प्रभू, बरं..."

पुढच्या रांगांतली डोकी तिच्याकडे वळली. पाळकांनी डोळे उघडले.

निघायला याहून चांगलं निमित्त मिळणार नव्हतं. कुणी बोलही लावला नसता. ती उठली.

"माफ कर, पोरी," पाळक म्हणाले. "जीभ ऐकत नाही. मी अजून मागतोच आहे."

अहवालाच्या खिडकीशी उभे असलेले नातेवाईक असेच आशेने बघतात, हे तिला ठाऊक होतं. पाळकांना तसं बघताना तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"मग थांबलात कशाला?" तिचा आवाज जरा चढलाच. "मागा ना."

"काय मागू?"

"सासूसुनेला झोप दे म्हणा," मागून शिंपीणमावशी म्हणाल्या. "रात्र रात्र दिवा जळतो यांच्या खिडकीत. मलाही झोप नसते, म्हणून दिसतं."

"माझं राहू द्या," सासूबाई पुटपुटल्या. "हिला द्या."

पाळकांनी झोप मागितली, दोघींसाठी. बोलताना त्यांचा आवाज दोनदा फाटला. त्यांना स्वतःला झोप लागते का, हे कुणी विचारलं नसेल, असं तिच्या मनात आलं. दार दोन पावलांवर होतं. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

मंडळी आमेन म्हणणार तेवढ्यात तिने डोळे मिटले.

"आणि आमच्या पाळकांना, प्रभू..."

पुढचा शब्द सुचायला तिला वेळ लागला. कुणीही घाई केली नाही.