नखं काढलेले राक्षस

धाकटीच्या राक्षसांना एके काळी सगळे टरकून असायचे. छापील पुस्तकातले तयार राक्षस तिला कधी पसंतच पडले नाहीत. ती आपले आपण बनवायची आणि असे बनवायची की दादाचा बालमित्र, ज्याला सगळे वायरमनच म्हणत, खेळ संपल्यावर कपाळाला हात लावून म्हणायचा, "बाई, तू दिवसभर लोकांचे दात बनवतेस की सुळे?"

ती खरंच दात बनवायची. दातांच्या कारखान्यात कवळ्या घासायचं तिचं काम होतं. दर रविवारी दुपारी मात्र ती दादाच्या घरी जायची आणि खेळ बसायचा. टेबलाभोवती चौघांनी मिळून एक गोष्ट रचायची. धाकटीने संकटं उभी करायची, बाकीच्या तिघांनी एकेक पात्र घेऊन त्यातून वाट काढायची. दादा ढाल घेऊन पुढे राहणारा पहारेकरी, वहिनी जखमा बांधणारी वैद्य, वायरमन कुलपं उघडणारा चोर. घाव लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा सांगायचा: आकडा मोठा तर लागला, लहान तर हुकला. राक्षसाचे फासे धाकटी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायची, म्हणजे त्याची ताकद आधीच कुणाला कळू नये.

मग दादाला पक्षाघाताचा झटका आला. गोदीत क्रेन चालवणारा, बोलायला लागला की समोरच्याला बोलू न देणारा माणूस. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात नुसता लोंबत होता आणि एकेक शब्द विहिरीतून शेंदल्यासारखा वर येत होता. पहिल्याच रविवारी त्याने डाव्या हाताने फासा उचलला, तो टेबलाखाली पडला, आणि तो शोधायला वाकलेल्या दादाची पाठ बघून धाकटीने मनातल्या मनात राक्षसाचा निम्मा जीव कमी करून टाकला.

जे एकदाच व्हायचं, ते दर रविवारचं झालं. जेवणाच्या सुट्टीत, बोटांना कवळीची भुकटी लागलेली असताना, ती राक्षस रचायची आणि लगेच त्याचे दात पाडायची. पंजे भारी वाटले की बोथट करायची. एवढं करूनही फासा उलटा पडलाच, तर आडोशामागचा आकडा बदलून सांगता येत होताच. मारणारा राक्षस बनवणं सोपं असतं. जिवावर उठल्यासारखा लढत हरणारा, तरी खरा वाटणारा राक्षस बनवताना माणसाचा जीव जातो. रविवार जवळ आला की तिला आताशा नको नको व्हायचं.

एकदा वायरमनने तिला जिन्यातच गाठलं. "अगं, आपण मेलेल्याला मारतोय. मला कळतं, तर त्याला कळणार नाही?"

"त्याला कळत नाहीये," धाकटी म्हणाली.

"मग ते जास्त वाईट."

वहिनीचं म्हणणं वेगळं होतं. ओट्यापाशी कप विसळत ती हळू आवाजात म्हणाली, "जिंकला की आठवडा बरा जातो. व्यायाम करतो, जेवतो. तू खेळ आटपून घरी जातेस, वन्सं. मागे मी असते."

दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत. शेवटी धाकटीने मधला मार्ग काढला. कोरड्या तलावाच्या गाळात राहणारा एक राक्षस तिने रचला. मिठी जबरदस्त, घाव जीवघेणा. पण त्याला डोळे नाहीत, तो आवाजाच्या रोखाने धावतो. गप्प उभं राहिलं की सुटका. घरी एकटीने तिघांच्या वतीने फासे टाकून तिने तो खेळून पाहिला. आवाजाचं वेळेवर लक्षात आलं तर तिघे निभावत होते, नाही आलं तर दादाचा पहारेकरी जात होता. तिने घाव थोडा कमी केला, पुन्हा वाढवला, पुन्हा कमी केला. मग कंटाळून होता तसा ठेवला. या खेपेला याची नखं काढायची नाहीत, असं ठरवून ती रविवारी गेली.

दादा खुशीत होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. तलावात उतरताना त्याने सगळ्यांच्या पुढे राहायचं ठरवलं आणि गाळातून ते वर आलं तेव्हा ढालीवर तलवार आपटून ललकारी दिली. आता राक्षस त्याच्यावरच जाणार होता.

पहिल्या घावात पहारेकरी अर्धा संपला. वहिनीने जखम बांधली, ती पुरली नाही. वायरमनचा सुरा गाळात रुतला. पुन्हा राक्षसाची पाळी आली. धाकटीने आडोशामागे फासा टाकला. एकोणीस. तिने दादाकडे पाहिलं. तोंडाची वाकडी बाजू आवरत तो पुढे झुकून बसला होता.

"हुकला," ती म्हणाली.

दादाने डावा हात लांबवला आणि आडोसा आडवा पाडला. त्यात घाई नव्हती, राग नव्हता. फासा तसाच पडलेला होता. सगळ्यांनी पाहिला.

"कधी... पासून?" त्याने विचारलं.

खोटं सांगायचंही त्राण धाकटीत उरलं नव्हतं. "तू घरी आल्यापासून."

"सगळे?"

"बहुतेक."

वहिनी उठायला लागली, त्याने तिला हातानेच बसवलं. मग तो एकेक शब्द जमवत राहिला. "मी... कंपनीत कळवलंय," तो म्हणाला. "तपासणीला येतो म्हणून. परत क्रेनवर. मला वाटलं... डोकं चालतंय. दर रविवारी... जिंकतोय ना."

वहिनीने पदर तोंडाला लावला. तपासणीचं तिलाही ठाऊक नव्हतं. धाकटीने राक्षसांचं माप इतकं जपून घेतलं होतं. पण दादाही त्यांच्यावर आपलं माप घेत असेल, हे तिच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

"एकोणीस... धर," दादा म्हणाला.

"दादा, आज राहू दे."

"धर."

तिने धरला. पहारेकरी गाळात कोसळला. आडोसा पुन्हा उभा राहिला नाही. पुढचे सगळे फासे उघड्यावर पडले. वायरमनचा चोर भेदरून दगडाआड गप्प बसला, वैद्य बाईही जागची हलली नाही, आणि राक्षस दोघांच्या मधून चाचपडत निघून गेला. ते दोघे काठावर पोचले. दादाचा पहारेकरी पोचला नाही. किती वर्षं त्याने ते पात्र खेळवलं होतं. वायरमन मान खाली घालून फासे गोळा करत राहिला.

चहा निवला. दादा अजून टेबलाकडेच बघत होता.

"आंधळं... होतं ते," तो म्हणाला.

"हो."

"आवाजावर यायचं. मीच... बोलावलं."

"हो. पण ओळखलंस ना," धाकटी घाईने म्हणाली. "या दोघांना तर कळलंच नव्हतं."

"उशिरा ओळखलं." त्याने लुळा हात दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "क्रेनखाली माणसं असतात गं. तिथे उशिरा... चालत नाही."

दादाने वहिनीला सोमवारी कंपनीत फोन करायला सांगितलं, इतक्यात येत नाही म्हणून. वहिनीने मान हलवली, पण धाकटीकडे वळूनही न बघता कप उचलून आत गेली. निघताना धाकटी ओट्यापाशी उभी राहिली. नळ चालूच होता.

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली.

"जिंकू दे म्हणून मीच म्हटलं होतं ना तुला," वहिनी म्हणाली. रागवायला निघालेला तिचा आवाज वाटेतच दमला. "जा आता. बस चुकेल."

पुढच्या रविवारी दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खेळ झाला नाही. वायरमनने पंख्याचं बटण दुरुस्त केलं आणि गेला. त्याच्या पुढच्या रविवारी धाकटी जावं की न जावं करत पोचली, तर टेबल पुसून ठेवलेलं होतं आणि दादा वहिनीकडून नव्या पात्राचा कागद भरून घेत होता. लिहिणं त्याला जमत नव्हतं. ती विचारायची, तो सांगायचा, मध्ये शब्द अडला की ती वाट बघायची.

"ताकद किती लिहू?"

"कमी."

"आणि चाल?"

"हळू," दादा म्हणाला. "हळूच लिही. पण कान... चांगले."

धाकटीने पिशवी खाली ठेवली. तिने या खेपेला राक्षस बनवलेलाच नव्हता. आठवडाभर तिच्याच्याने झालं नव्हतं. तसं तिने सांगून टाकलं. वायरमन हसला. दादाने खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली.

"बस मग," तो म्हणाला. "आज नुसते... चालू. रस्त्याने."

ती बसली. पुठ्ठा पिशवीतच राहिला. तिने एक रस्ता सांगायला सुरुवात केली, आणि ते तिघे हळूहळू त्यावरून निघाले.